बाभळीच्या सालीचे दिघेकाका

दिघेकाकांनी मला पहिल्यांदा गाठलं तेव्हा आमचं सामान टेंपोतून उतरत होतं. गोदरेजच्या कपाटाचं एक टोक माझ्या हातात, दुसरं हमालाच्या. एवढ्यात करड्या रंगाची हाफ पँट आणि तपकिरी डाग पडलेला बनियन घातलेले एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले.

"मी दिघे. बारा नंबर. हिरड्या कशा आहेत?"

"कोणाच्या?" मी विचारलं.

"तुमच्या. ते कपाट खाली ठेवा आणि आ करा."

मी कपाट खाली ठेवलं आणि आ केला. का केला ते मला आजही सांगता येणार नाही. त्या आवाजात फोरमनची जरब होती आणि मी कारखान्यातला ड्राफ्ट्समन, एवढंच कारण असेल. काकांनी मान वाकडी करून माझ्या तोंडात पाहिलं, "डावीकडे खालची लूज आहे" असं जाहीर केलं आणि मग हमालाकडे वळले. त्यानेही निमूटपणे आ केला.

बडोद्यात माणूस भेटला की 'केम छो' म्हणतो आणि समोरचा 'मजामां' म्हणून मोकळा होतो, मग त्याच्या पोटात का दुखत असेना. दिघेकाकांना हा प्रकार साफ नामंजूर होता. माणसाची खरी हालहवाल तोंडाच्या आत असते असं त्यांचं म्हणणं. तरसालीच्या आमच्या सोसायटीतल्या चोवीस घरांच्या हिरड्या त्यांना पाठ होत्या. माणसांची नावं ते विसरत, हिरड्या विसरत नसत. "ते नाही का, उजवीकडच्या वरच्या दाढेतून रक्त येतं ते, सात नंबरवाले," अशी ओळख ते करून देत.

या सगळ्या हिरड्यांवर त्यांच्याकडे एकच औषध होतं, बाभळीच्या सालीचा काढा. रोज सकाळी सात वाजता काका एक मोठा स्टीलचा थर्मास आणि एक काचेचा ग्लास घेऊन निघत. पहिल्या मजल्यावर त्यांच्या चपला वाजल्या की दुसऱ्या मजल्यावरच्या कड्या लागत. आमच्याकडे तर ठरलेलं होतं. विद्या, म्हणजे माझी बायको, दार उघडायची आणि "हे आंघोळीला गेलेत" म्हणायची. काका म्हणायचे, "हरकत नाही, थांबतो." मी कोरडाठाक बाथरूममध्ये उभा राहून कंपनीची बस चुकवलेली आहे, ती पण एकदा नव्हे.

काढ्याची चव मी सांगणार नाही. ती सांगता येते असं मला वाटत नाही. तोंडात घेतल्याबरोबर दोन्ही गाल आतून एकमेकांना भेटायला निघत आणि जीभ कोणीतरी इस्त्री केल्यासारखी व्हायची. आमच्या खालचे जशुभाई पहिल्या घोटाला जे बोलले ते सगळ्यांचंच मत होतं. "अरे दिघेकाका, आ तो बहु तूरुं छे!"

"तुरटच पाहिजे!" काका म्हणाले. मग त्यांनी आपला सिद्धांत मांडला. रस सहा. त्यातला गोड गुजरात्यांनी घेतला आणि डाळीत सुद्धा घातला. तिखट आपण मराठी माणसांनी घेतलं आणि आयुष्यभर त्याचीच फुशारकी मारली. तुरट कोणी घेतलंच नाही, बिचारं पडून राहिलं. "ते मी घेतलं," असं छातीला हात लावून ते म्हणत.

आता थोडं पूर्वचरित्र. काका मूळचे नगरकडचे. विशीत बडोद्याला आले आणि मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये लागले. तिथेच फोरमन होऊन निवृत्त झाले. जिथे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्यावरून जॉब रद्द होतो, अशा जागी पस्तीस वर्षं काढलेला माणूस वैदू झाला की काय होतं, ते मी जवळून पाहिलं. खिशात कायम जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर. साल चार मिलिमीटरपेक्षा जाड घ्यायची नाही, कारण त्याखाली झाडाचं जिवंत अंग लागतं. वीस ग्रॅम सालीला एक लिटर पाणी, मंद आचेवर उकळून पाव लिटर उरवायचं. प्रत्येक बाटलीवर कारखान्यातल्यासारखं जॉब कार्ड चिकटवलेलं असे. 'माल: बाभूळ. झाड नं. २, पूर्व बाजू. ऑपरेशन: उकळणे, गाळणे. तपासणी: वाय. दिघे.' 'नापास' असा शेरा मारलेली एक बाटली त्यांनी गटारात ओतताना मी पाहिली आहे, आणि त्यात काय बिघडलं होतं असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "टॉलरन्सच्या बाहेर गेली."

बाभळी तीन होत्या, सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये. एका फांदीची साल वर्षातून एकदाच काढायची, ती पण तळहाताएवढीच. आणि आदल्या संध्याकाळी झाडाला आमंत्रण द्यायचं. हे मी एकदा पाहिलं. काकांनी बुंध्याशी हळद-अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि एखाद्या सप्लायरला निरोप द्यावा तसं स्वच्छ सांगितलं, "उद्या सकाळी साडेसहाला येतोय. पाच बाय दहा सेंटिमीटर घेईन. जास्त नाही." दुसऱ्या दिवशी साडेसहाला ते हजर होते. साल मोजून काढली, झाडाच्या उघड्या जागेवर शेण-मातीचा लेप दिला आणि "आवजो" म्हणून परत फिरले. बडोद्याची बाभूळ म्हणून तिला गुजराती.

"ही साल चामडं कमवायला वापरतात, माहीत आहे?" ते मला म्हणाले. "मेलेल्या कातड्याला जी पक्कं करते, ती जिवंत हिरडीला करणार नाही?"

हिरड्यांखेरीज घसा, तोंड येणं, जखम धुणं, तळपायाला घाम येणं आणि हगवण एवढी खाती त्या काढ्याकडे होती. शेवटच्या खात्याचा अनुभव जशुभाईंनी घेतला. एका लग्नात उंधियुं आणि जिलेबी यांचा हिशेब चुकला आणि ते आडवे झाले. काकांनी सांगितलं, अर्धा कप, एकदाच. जशुभाईंनी गुण आला म्हणून उत्साहात तीन कप घेतला. पुढचे चार दिवस ते सोसायटीत अत्यंत गंभीर चेहऱ्याने फिरत होते. काका त्यांना धीर देत म्हणाले, "मटेरियल चांगलं आहे, ऑपरेटरची चूक."

आणि या सगळ्याची जाहिरात म्हणजे काकांचे स्वतःचे दात. वय सहासष्ट, पण दात पांढरेशुभ्र, एका ओळीत, जणू नुकतेच मिलिंग मशीनवरून उतरवलेले. कोणी काढ्याबद्दल शंका काढली की काका व्हर्नियर काढायचे आणि पुढच्या दातांवर वाजवायचे. टण्ण! "बत्तीस. एकही मिसिंग नाही." मग समोरच्याला काढा घ्यावाच लागे.

या टण्ण आवाजाला सोसायटीत एकच माणूस हसायचा, ते म्हणजे माझे वडील.

आमचे अप्पा शाळामास्तर होते. बडोद्यातल्या मराठी मुलांच्या दोन पिढ्यांना त्यांनी 'श' आणि 'ष' यांतला फरक छडीने समजावला होता. मुंबईचं मराठी वर्तमानपत्र आमच्याकडे गाडीने येऊन दुपारनंतर हातात पडायचं. संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर अप्पा ते मोठ्याने वाचत. अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत. सगळी म्हातारी मंडळी जमायची. जशुभाईंना मराठी अर्धंच कळायचं, पण अप्पांचं वाचणं आवडतं म्हणून तेही यायचे. काका थर्मास घेऊन बाकाच्या टोकाला बसत. अप्पा मधेच चष्म्यावरून बघून म्हणत, "दिघे, तुमच्या काढ्यानं या संपादकांची भाषा घट्ट होईल का हो?" काका म्हणत, "आधी तुमची हिरडी दाखवा." अप्पांनी ती कधी दाखवली नाही.

दाखवली असती तर कदाचित उपयोग झाला असता. आम्ही राहायला आल्यावर चौथ्या वर्षी अप्पांचे उरलेसुरले पाच दात डॉक्टरांनी काढले आणि लगेच कवळी बसवली. चार दिवसांत खालची हिरडी सोलून निघाली. कवळी घातली तर जेवता येईना, काढली तर बोलताना 'स'चा 'फ' व्हायला लागला. पाचव्या दिवशी अप्पांनी कवळी पाण्याच्या वाटीत ठेवली, वाटी कपाटात ठेवली आणि बोलणं बंद केलं.

बंद म्हणजे अगदी बंद. काही हवं असलं की चिठ्ठी लिहायची, तीही शुद्धलेखनाच्या वहीत शोभेल अशा अक्षरात. 'पेज पातळ कर.' 'पंखा बंद कर.' खाणं निम्म्यावर आलं. संध्याकाळी बाकावर जाणं संपलं. विद्यानं समजावलं, मी चिडून पाहिलं, डॉक्टरांकडे चला म्हटलं. उत्तराची चिठ्ठी आली, 'नको.'

बाकावर दोन दिवस वाचन झालं नाही. तिसऱ्या दिवशी जशुभाईंनी मोठ्या मनाने वर्तमानपत्र हातात घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. लिपी वाचता येत होती, पण प्रत्येक शब्द ते आधी गुजरातीतून नेऊन मग मराठीत आणत होते. आमच्या खिडकीतून ते सगळं ऐकू येत होतं. अप्पा पाच मिनिटं ऐकत राहिले, मग उठले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. मी त्यांचा चेहरा पाहिला. मला त्या दिवशी खरी भीती वाटली. हा माणूस आता असाच, बंद खिडकीआड, पेजेवर संपणार की काय, असं वाटलं.

काका मात्र रोज येत होते. आता सकाळ-संध्याकाळ. बाटलीवर नवं जॉब कार्ड, 'अप्पासाहेब, खालची हिरडी, अर्जंट.' दारातूनच विचारायचे, "जॉबला हात लावू का?" अप्पा भिंतीकडे तोंड करून पडायचे. एक दिवस चिठ्ठी आली, 'दिघ्यांना म्हणावं घरी जा.' मी ती काकांना दाखवायला संकोचलो. त्यांनी स्वतःच घेऊन वाचली आणि म्हणाले, "अक्षर काय सुंदर आहे बघ." दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

दहाव्या की अकराव्या दिवशी, रविवार होता, दुपारी काका आले आणि अप्पांच्या खोलीत खुर्ची ओढून बसले. "अप्पासाहेब, घोट घोट घेऊन नुसता धरायचा, थुंकायचा. पंधरा दिवस. मग कवळी बसते की नाही बघा." अप्पा झटकन उठून बसले, कागद ओढला आणि लिहिलं. अक्षर पहिल्यांदाच बिघडलेलं होतं. मी वाकून वाचलं. 'तुम्हाला बत्तीस दात आहेत. तुम्ही मला शिकवू नका.'

काकांनी ती चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग मला म्हणाले, "तू जरा चहाचं बघ रे."

मी बाहेर आलो. दार नीट लागत नव्हतं, आणि मी चहाचं बघायला गेलो नाही. तिथेच उभा राहिलो.

काकांनी खिशातून रुमाल काढला आणि मांडीवर पसरला. मग अंगठा तोंडात घालून वरची ओळ काढली आणि रुमालावर ठेवली. मग खालची. टण्ण वाजणारे ते सगळेच्या सगळे दात रुमालावर होते आणि काकांच्या चेहऱ्याचा खालचा भाग आत गेला होता. हनुवटी नाकाच्या भेटीला आली होती. ज्या फोरमनच्या आवाजाला घाबरून मी हमालासमोर आ केला होता, तो तिथे नव्हता. एक थकलेला म्हातारा माणूस बसलेला होता.

पुढचं त्यांचं बोलणं मी सरळ करून लिहितोय. त्यांच्या तोंडून ते तसं आलं नाही.

"अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले सगळे," ते म्हणाले. "तंबाखू. गालात धरून दिवसभर लेथवर उभा राहायचो. सगळे पाडले, आणि दुसऱ्या आठवड्यात सवयीने मांडवीच्या बाजारात दातण घ्यायला गेलो. दातणवाली माझं बोळकं बघून म्हणाली, 'भाई, हवे दातण शुं कामनुं? छाल लई जाव.' आता दातण कशाला, साल घेऊन जा. चोकठं, म्हणजे कवळी, बसवायच्या आधी हिरडी घट्ट कर म्हणाली. तेव्हा मला साल कळली. उशिरा कळली, म्हणून तर लोकांच्या मागे लागतो."

अप्पा रुमालाकडे बघत होते. दहा-अकरा दिवसांनी त्यांच्या तोंडून पहिला शब्द आला, आणि तोही बोळक्यातूनच.

"म्हणजे ते 'बत्तीस, एकही मिसिंग नाही'?"

"अठ्ठावीस आहेत," काका खाली बघत म्हणाले. "कवळीत अक्कलदाढा बसवत नाहीत. कोणी मोजलेच नाहीत कधी."

अप्पांच्या पोटातून कसला तरी आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. पण ते हसत होते. दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होते. मग हात काढून हसायला लागले आणि काका पण हसायला लागले. दोन बोळकी समोरासमोर उघडी पडली होती आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं.

हसणं ओसरल्यावर अप्पांनी विचारलं, "कोणाला माहीत आहे हे?"

"कुसुमला, माझ्या बायकोला, होतं. तिला जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर तुम्हीच."

"घरी तरी काढून ठेवत असाल."

"झोपताना तेवढी काढतो. दिवसा नाही. कोणी अचानक आलं तर?"

"येतं का कोणी?"

काका रुमालाच्या घड्या सारख्या करत बसले. "नाही," ते म्हणाले.

मी दारातून बाजूला झालो. चार वर्षं आम्ही त्यांच्या शेजारी राहत होतो. ते आमच्या दारात शेकडो वेळा आले होते आणि मी बाथरूममध्ये लपलो होतो. बारा नंबरची बेल मी एकदाही वाजवली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली, आणि अजून वाटते.

त्यानंतरचं काम टूलरूमच्या शिस्तीने झालं. रोज चार वेळा काढा तोंडात धरणं. मग काकांनी कुठूनतरी जांभळी कॉपिंग पेन्सिल मिळवली, अप्पांच्या हिरडीवर जिथे सोललं होतं तिथे खूण केली आणि कवळी दाबून बसवली. काढली तर कवळीच्या आत बरोब्बर एक जांभळा ठिपका. "हायस्पॉट!" काका ओरडले. "डाय, म्हणजे साचा, बसत नाही तेव्हा नडणारा उंचवटा आम्ही असाच शोधायचो." कानस त्यांच्या खिशात होतीच, पण अप्पांनी कवळी पाठीमागे धरली. शेवटी दोघं दातांच्या डॉक्टरांकडे गेले, आणि डॉक्टर घासत असताना काका "दोन दशांश, जास्त नको" असं शेजारून सांगत होते. डॉक्टर तरुण होते म्हणून त्यांनी ऐकून घेतलं.

गुण सालीचा की कानशीचा हे मला ठरवता आलेलं नाही. काका म्हणायचे सालीचा. अप्पा काढा मात्र रोज घ्यायचे. तीन आठवड्यांनी संध्याकाळी ते जिना उतरून बाकावर गेले आणि जशुभाईंनी सुटकेचा निःश्वास टाकून वर्तमानपत्र त्यांच्या हातात दिलं. पहिल्या परिच्छेदात दोन 'श' घसरले. तिसऱ्यात घसरले नाहीत.

त्याच संध्याकाळी जशुभाई म्हणाले, "मास्तर, आपल्याला चोकठं घालायला लागलं, ने आ दिघेकाकाना दांत जुओ! अजून ओरिजनल!" सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांचा हात व्हर्नियरकडे गेला नाही. ते जमिनीकडे बघत होते. माझे वडील, ज्यांनी पाव मार्कासाठी सुद्धा कधी खोटं खपवून घेतलं नाही, त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "बाभळीचा गुण, जशुभाई. मी पण आधी ऐकायला हवं होतं." आणि पुढची बातमी वाचायला घेतली.

दोघंही आता नाहीत, म्हणून हे सांगायला हरकत नाही. ते होते तोवर मी कोणाला कळू दिलं नाही, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही कळू दिलं नाही.

त्या रविवारनंतर काका रोज दुपारी आमच्याकडे यायचे. येताना थर्मास नसायचा. विद्या दोघांसाठी मऊ भात नाहीतर शिरा करून ठेवायची. खोलीचं दार लावलं जायचं आणि आतून तासन्‌तास बोलणं ऐकू यायचं, हसणं ऐकू यायचं, 'स'चे 'फ' झालेलं, कोणी चुका न काढणारं बोलणं. चार वाजता मी सुट्टीच्या दिवशी चहा घेऊन जायचो आणि दार वाजवायचो. आतून दोघं एकदमच ओरडायचे, "थांब!" मग पाण्याच्या वाट्या सरकल्याचा आवाज यायचा.

मी दोन कप हातात धरून थांबायचो. चहा निवायचा, पण मी दुसऱ्यांदा दार वाजवत नसे.